पेट्रोलचं पान

लाँड्रीत तिला सगळे अॅव्हरेजबाई म्हणत. पाठीमागे म्हणत, तोंडावर म्हणत, आणि पंपावरून फोन आला की तीही बेधडक सांगे, "बोला, अॅव्हरेजबाई बोलतेय." तेवीस वर्षं गाड्यांच्या इंधनाची वही तिच्या हातात होती. कोणती गाडी लिटरमागे किती पळते, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं दशांश चिन्हासकट सांगितलं असतं. तिला स्वतःला मात्र साधी सायकल येत नव्हती. ड्रायव्हर मंडळी यावरून तिची टिंगल करत. तीही हसून घेई आणि दुसऱ्या दिवशी त्याच ड्रायव्हरला अर्ध्या लिटरचा जाब विचारी.

लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. हॉटेलं आणि हॉस्पिटलं यांच्या दोन हजार चादरी रोज तिथं धुवून निघत. पुढच्या अंगणात गाठोडी चढत-उतरत, मागे वाफेचा फुसफुसाट, आणि मधल्या काचेच्या खोलीत बाईंचं टेबल. अंगणात उभ्या गाड्या म्हणजे वेगवेगळ्या जातींचं संमेलनच होतं. पेट्रोलवरची एक छोटी व्हॅन, डिझेलचे दोन टेम्पो, गॅसवरच्या दोन व्हॅन, आणि महिन्यापूर्वी आलेली बॅटरीची तीनचाकी, जिला सगळे खेळणं म्हणत.

एका शनिवारी मालकांनी तिला आत बोलावलं. टेकडीवरच्या मोठ्या हॉस्पिटलचं काम मिळालं होतं. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, रोजची शंभरावर गाठोडी.

"एकाच जातीच्या गाड्या ठेवायच्या, बाकी विकून टाकायच्या," मालक म्हणाले. "कोणती जात ठेवायची ते तुम्ही सांगायचं. पुढच्या शनिवारी."

"वहीत सगळं आहेच की."

"वही नको. प्रत्येक गाडी त्याच रस्त्यानं, पूर्ण भरून चालवून बघा. आणि तुम्ही स्वतः शेजारी बसा. ड्रायव्हर लोक आपापल्या गाडीची बाजू घेतात. तुमच्यावर माझा भरवसा आहे. तुम्ही घरच्या माणसालाही सोडलं नाहीत."

हे शेवटचं वाक्य त्यांनी कौतुकानं म्हटलं. ती मान हलवून बाहेर आली, पण ते वाक्य तिच्या अंगावर ओल्या चादरीसारखं चिकटून राहिलं.

तो घरचा माणूस म्हणजे तिचा धाकटा दीर. आठ वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला तेव्हा हा दीर लांबच्या पल्ल्याचे ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी. भाऊ गेल्यावर त्यानं ट्रक सोडला. घरात म्हातारी आई आणि वहिनी, रात्री कुणी पुरुषमाणूस हवं, म्हणून त्यानं लाँड्रीची छोटी व्हॅन चालवायला घेतली. शब्द तिनंच टाकला होता. पगाराचं पाकीट तो न फोडता तिच्या हातात द्यायचा. लग्नाचं नाव काढलं की म्हणायचा, "आधी वहिनीसारखी काटेकोर शोधा, मग बघू. म्हणजे नकोच."

मग ती व्हॅन बिघडली. म्हणजे व्हॅन चालायची छान, अॅव्हरेज बिघडलं. लिटरला पंधरा देणारी गाडी अचानक बारावर आली. महिन्याला पंचवीस लिटर पेट्रोल कुठं जातंय, पत्ता लागेना. मेकॅनिकनं इंजिन उघडून पाहिलं, काही सापडलं नाही. मालकांनी दिराला दोनदा टोकलं. गाडीतून कुणी पेट्रोल काढतंय, असं वाटून तो आठ रात्री अंगणात व्हॅनमध्येच झोपला. चोर सापडला नाही. चौथ्या महिन्याच्या शेवटी तिनं आकड्यांचा कागद मालकांच्या टेबलावर ठेवला. शंभर लिटर कमी. घरचा माणूस म्हणून झाकलं, असं कुणी म्हणायला नको होतं. मालकांनी त्याला त्याच दिवशी काढलं, आणि शंभर लिटरचे पैसे शेवटच्या पगारातून कापून घेतले.

घरी आल्यावर तो आईला एवढंच म्हणाला, "मी घेतलं नाही." सासूबाई उठून आत गेल्या आणि त्याची पिशवी घेऊन बाहेर आल्या. "हिचा आकडा आजवर चुकला नाही. माझ्या दारात चोर नको," त्या म्हणाल्या. या गोष्टीला वर्ष झालं. ड्रायव्हर लोकांत बातमी वाऱ्यासारखी पसरते. कुणी त्याच्या हातात स्टिअरिंग दिलं नाही. तो आता बसडेपोमागच्या वॉशिंग सेंटरवर लोकांच्या गाड्या धुतो, हे तिला ऐकून माहीत होतं. बघायला ती कधी गेली नव्हती.

सोमवारी पहिला नंबर त्याच पेट्रोलच्या व्हॅनचा. हल्ली ती चष्म्या नावाचा पोरगेला ड्रायव्हर चालवायचा. खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण ते फक्त पगारपत्रकालाच माहीत. बाईंची रीत ठरलेली होती. पंप तोच, नळी तीच, गाडी सपाट जागेवर उभी. टाकी गळ्यापर्यंत भरायची, नळीनं पहिल्यांदा टक् केलं की हात थांबवायचा. मग फेऱ्या करायच्या आणि परत येऊन पुन्हा त्याच टक् पर्यंत भरायची. मध्ये जितकं पेट्रोल लागलं तितकं गाडीनं प्यायलं. यात खोटं बोलायला जागाच नसते, असं ती नव्या माणसाला अभिमानानं सांगायची.

दोन फेऱ्या झाल्या. ऐंशी किलोमीटर. पंपावर परत भरलं तर पाच लिटर आणि वर थोडं.

तिनं गुणाकार-भागाकार तीनदा केला. पंधराच्या वर आकडा येत होता. पंधरा, बारा नव्हे.

"बाई, काय झालं? तोंड का पांढरं पडलंय?" चष्म्यानं विचारलं.

"काही नाही. ऊन लागलं."

तिनं परत येऊन वही उघडली. मागच्या महिन्यात याच गाडीचं अॅव्हरेज बारा पूर्णांक एक. त्याच्या मागच्या महिन्यात बारा. दीर गेल्यानंतरचे बाराच्या बारा महिने बारा. हे तिनं पाहिलं नव्हतं असं नाही. तो गेल्यावर पहिल्याच महिन्यात तिला खटकलं होतं. चोर गेला तर आकडा वर यायला हवा होता. तेव्हा तिनं स्वतःची समजूत घातली, की इंजिनच थकलं असेल. मालकांना तेच सांगितलं. मालक म्हणाले, "त्यानंच वाट लावली असेल." विषय मिटला. आज समजलं की इंजिन थकलेलं नव्हतं. ठणठणीत होतं.

मग पेट्रोल कोण नेत होतं?

तिची नजर काचेतून अंगणात गेली. चष्म्या गाडी पुसत होता. त्याच्या पायात नवे बूट होते. गेल्या महिन्यात नवा फोनही घेतला होता त्यानं. तिचं डोकं एकदा हिशेबाला लागलं की थांबत नसे. बुटांचे इतके, फोनचे इतके, पंचवीस लिटरचे इतके. संध्याकाळपर्यंत ती मनातल्या मनात त्याला चोर ठरवून मोकळी झाली होती. आज मी बसले होते म्हणून पंधरा, एरवी बारा. आणखी पुरावा कशाला हवा? आणि दीरही तेच करत होता, म्हणजे मी तेव्हा बरोबरच होते. या विचारानं तिला चक्क बरं वाटलं.

मंगळवारी ती डिझेलच्या टेम्पोत बसली. टेम्पोचा ड्रायव्हर वाटेत काहीबाही बोलत होता, तिला एक शब्द कळला नाही. लिटरला नऊ, हा आकडा तिनं सवयीनं लिहिला. चार वाजता ती मालकांच्या खोलीच्या दाराशी गेली. चष्म्याचं नाव तिच्या जिभेवर तयार होतं. मालक फोनवर होते. त्यांनी बोटानं थांबा म्हणून खूण केली. ती दाराला हात लावून उभी राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मागून गाठोडी मोजायला कुणीतरी हाक मारली, तशी ती वळली. तो फोन लवकर संपला असता तर दुसरा माणूसही गेला असता. त्या दिवशी चष्म्याला वाचवलं ते बाईंच्या न्यायबुद्धीनं नव्हे, मालकांच्या बडबडीनं.

बुधवारी गॅसची व्हॅन. तिचा ड्रायव्हर सतत शिट्टी वाजवायचा म्हणून त्याचं नावच शिट्टी पडलं होतं. गॅस भरून झाला, पंचवीस गाठोडी चढली, आणि बाई आयुष्यात पहिल्यांदा गॅसच्या गाडीत पुढच्या सीटवर बसली. सपाट रस्त्यावर सगळं गोड चाललं होतं. शिट्टीची शिट्टीही सुरात होती.

हॉस्पिटलचा चढ लागला. इंजिनानं घरघर केली. शिट्टीनं शिट्टी न थांबवता डावा हात पुढं केला आणि स्टिअरिंगच्या बाजूचं एक छोटं बटण दाबलं. हिरवा दिवा गेला, लाल लागला. गाडीनं दम घेतल्यासारखं केलं आणि ती झपझप वर चढायला लागली.

"काय केलंस?"

"पेट्रोलवर घेतली, बाई."

"ही गॅसची गाडी आहे ना?"

"गॅसचीच. पण माल भरलेला असला की गॅसवर चढ ओढत नाही हो. मेली रडते. चढाला पेट्रोल, सपाटीला गॅस. सकाळी सुरू होते तीही पेट्रोलवरच. तुम्हाला माहीत नव्हतं?"

तिला माहीत नव्हतं. वहीवरचा हात नुसता तसाच राहिला होता.

"कधीपासून असं करताय?"

"पहिल्या दिवसापासून. दोन्ही गाड्या."

"आणि ते पेट्रोल कुठनं येतं?"

आता शिट्टी थांबली. आपल्यावर काही शेकतंय की काय, म्हणून त्यानं तिच्याकडे पाहिलं. "आपल्याच पंपावरनं, बाई. आठ दिवसांनी तीन-चार लिटर टाकतो. चोरून नाही, रीतसर. चिठ्ठ्या तुमच्याकडेच येतात की."

"चिठ्ठीवर गाडीचा नंबर लिहितोस?"

"पेट्रोलच्या चिठ्ठीवर?" तो हसला. "तो कधी कुणी लिहिलाय?"

खरं होतं. कुणीच लिहीत नसे. डिझेलचे टेम्पो दोन, म्हणून डिझेलच्या चिठ्ठीवर नंबर. गॅसच्या व्हॅन दोन, म्हणून गॅसच्या चिठ्ठीवर नंबर. पेट्रोलवर मात्र लाँड्रीत पहिल्यापासून एकच गाडी होती. तिच्या चिठ्ठीवर नंबर कशाला? हा नियम खुद्द बाईंनीच वीस वर्षांपूर्वी घालून दिला होता, पंपावरच्या माणसाचा वेळ वाचावा म्हणून. वहीतही तसंच. एक पान डिझेलचं, एक गॅसचं, एक पेट्रोलचं. पेट्रोलची चिठ्ठी आली की ती डोळे झाकून पेट्रोलच्या पानावर चढवायची, आणि त्या पानावर जेवढं पेट्रोल तेवढं सगळं एकट्या छोट्या व्हॅनच्या नावावर. गॅसच्या गाड्या चढावर जे पीत होत्या, त्याचं बिल छोट्या व्हॅनवर फाटत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं होतं. अंगणात आठ रात्री जागून जो चोर सापडला नाही, तो तिच्या टेबलावर बसला होता.

"बाई, उतरा. हॉस्पिटल आलं," शिट्टी म्हणाला. तिला उतरायला त्याचा हात धरावा लागला.

दुपारी तिनं कपाटातून जुन्या चिठ्ठ्यांची बंडलं काढली आणि काचेच्या खोलीचं दार लावून घेतलं. गॅसच्या व्हॅन ज्या महिन्यात आल्या, त्याच महिन्यात छोट्या गाडीचं अॅव्हरेज पडलं होतं. त्याच महिन्यात! दोन्ही तारखा तिच्याच अक्षरात, समोरासमोरच्या पानांवर होत्या. मग चिठ्ठ्या. तीस लिटर, अठ्ठावीस लिटर, या दिराच्या. आणि मधे मधे तीन लिटर, चार लिटर, साडेतीन. या बारीक चिठ्ठ्या तिला तेव्हाही दिसल्या होत्या. "टाकी भरायची सोडून चार-चार लिटर कशाला टाकतो हा? यातच काहीतरी काळंबेरं आहे," असं तिनं मालकांना सांगितलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरच नव्हता, आणि फाशीचा दोर तिनं स्वतः वळला होता.

तिनं बारीक चिठ्ठ्या वेगळ्या काढून बेरीज केली. पहिल्या चार महिन्यांच्या एकशे दोन लिटर. उरलेल्या मोठ्या चिठ्ठ्यांवर भागाकार केला, तर छोट्या गाडीचं अॅव्हरेज पंधरा. चारही महिने पंधरा. तिला रडू आलं नाही. तिनं बारीक चिठ्ठ्यांना दोरा गुंडाळून त्यांचं वेगळं बंडल केलं.

गुरुवारी तिनं शिट्टीच्या गाडीची पेट्रोलची टाकीही गळ्यापर्यंत भरून घेतली आणि पुन्हा दोन फेऱ्या केल्या. पाऊण लिटर. टेकडीचा चढ रोजच्या रस्त्यांवरच्या चढांपेक्षा मोठा, हे धरलं तर दोन गाड्यांचे महिन्याचे पंचवीस जुळत होते. शुक्रवारी खेळणं चालवून झालं. आठ गाठोड्यांतच ते भरलं आणि चढावर मुंगीच्या पावलानं गेलं. तुलना पूर्ण झाली. आता फक्त शनिवार उरला होता.

आणि शनिवारआधी एक मोह उरला होता. खोटं कशाला बोलायचं, मोह मोठा होता. तुलनेच्या कागदावर गॅसच्या खर्चात चढाचं पेट्रोल मिळवून टाकलं की झालं. मालकांना खरा आकडा मिळणार. पुढच्या महिन्यापासून पेट्रोलच्या चिठ्ठीवर नंबर लिहायला सांगायचं. छोटी गाडी विकली जाणार, तिचं पान बंद होणार. मागच्या वर्षीचं कोण उकरून काढतंय? शिट्टीला काही कळलं नव्हतं. चष्म्याला काही कळलं नव्हतं. ताकास तूर लागली नसती. तिची निवृत्ती तीन वर्षांवर आली होती आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. शुक्रवारी जेवताना सासूबाईंनी विचारलं, "चार दिवस झाले, तुझं जेवणात लक्ष नाही. कुणी काही घेतलं का तुमच्याकडे?"

"नाही, आई. कुणीच काही घेतलं नाही," ती म्हणाली.

शनिवारी तिनं मालकांपुढे पहिला कागद ठेवला.

"नुसतं किलोमीटरला बघाल तर खेळणं सगळ्यात स्वस्त, मग गॅस, मग पेट्रोल, आणि डिझेल सगळ्यात महाग," ती म्हणाली. "पण आपल्याला किलोमीटर नाही न्यायचे, गाठोडी न्यायची आहेत. टेम्पोत एका वेळी साठ बसतात. एका गाठोड्याला किती पडतं, ते इथं काढलंय. पेट्रोलला तेरा रुपये. गॅसला सव्वासात. डिझेलला पावणेसात. खेळण्याला पाच, पण आठ-आठ गाठोडी नेत ते दिवसभर वरखाली करत बसेल. तेवढ्या फेऱ्या होणारच नाहीत."

"गॅस सव्वासात कसा? मी तर सहाच्या आत धरला होता."

"गॅसची गाडी चढावर पेट्रोल पिते. ते कुणी धरतच नव्हतं."

मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. मग टेबलावर थाप मारली. "शाब्बास! मी उद्या चार गॅसच्या गाड्यांचे पैसे भरणार होतो. वाचवलंत मला. म्हणून म्हणतो, बाईंच्या आकड्याला तोड नाही."

"आहे," ती म्हणाली, आणि दुसरा कागद पुढं सरकवला.

मालकांनी वाचला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. पुन्हा वरून वाचला. उठून त्यांनी दार लावलं.

"हे कशाला आता? झालं गेलं, वर्ष होऊन गेलं."

"भाऊजींनी एक थेंबही घेतला नव्हता."

"बरं, नव्हता घेतला. मला पटलं. त्याला परत बोलवा. नाही, टेम्पोवर ठेवतो मी त्याला. पण हा कागद नको. बाहेर गेला तर लोक काय म्हणतील? या लाँड्रीत निरपराध माणसाला चोर ठरवतात?"

"ठरवलंच ना पण."

"बाई, समजून घ्या. कागदावर चूक लिहायची म्हणजे कुणाची ते लिहावं लागतं. माझी म्हणून मी सही करणार नाही."

"तुमची नाहीच," ती म्हणाली. "खाली बघा. मोकळी जागा ठेवली नाही मी. माझंच नाव लिहिलंय. चिठ्ठीवर नंबर नको, हा नियम माझा. पेट्रोलच्या पानावर चढवलं मी. आणि ते गेल्यावरही आकडा वर आला नाही हे दिसत असून गप्प बसले, तेही लिहिलंय."

मालकांनी खालच्या ओळी वाचल्या. बाहेर वाफेची यंत्रं चालू होती. मग त्यांनी पेन उघडलं, सही केली, शिक्का मारला, आणि कापलेल्या पगाराची रक्कम मोजून पाकिटात घातली. पाकीट देताना ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "सोमवारपासून वही माझ्या टेबलावर ठेवा. तुम्ही गाठोडी मोजा." तिनं मान डोलावली. तेवीस वर्षांची वही अशी एका वाक्यात गेली. पण त्या क्षणी तिला तिचं काही वाटलं नाही. वाटायला पुढं बरेच दिवस होते.

घरी गेल्यावर तिनं चपला न काढता सासूबाईंसमोर बसून कागद वाचून दाखवला. म्हातारीनं मधे एकदाही विचारलं नाही. संपल्यावर म्हणाली, "परत वाच." तिनं परत वाचला.

"तू आकडा ओळखायला चुकलीस," सासूबाई म्हणाल्या. "मी माझं पोर ओळखायला चुकले. कुणाचं मोठं, ते तूच मोज." मग त्यांनी भिंत धरून उठायला सुरुवात केली. "चल. रिक्षा बघ."

वॉशिंग सेंटरवर दुपारची गर्दी नव्हती. दीर गुडघ्यापर्यंत पँट वर करून एका मोटारीची चाकं धूत होता. वर्षभरात केस कानाजवळ पांढरे झाले होते. दोघींना बघून त्यानं नळ बंद केला. हात पुसायला काही नव्हतं म्हणून शर्टालाच पुसले. आई त्याच्याजवळ गेली आणि त्याचा ओला दंड धरून उभी राहिली. त्यानं तिला बाजूच्या बाकावर नेऊन बसवलं.

मग वहिनीनं कागद दिला. त्यानं उभ्यानं वाचला. सावकाश, एकेका ओळीवर थांबत. पाणी ठिबकून कागदाचा एक कोपरा भिजला. गॅसच्या गाड्यांची ओळ आली तेव्हा तो स्वतःशी म्हणाला, "अरे देवा, चढ! चढाचं पेट्रोल!" आणि कपाळावर हात मारला. इतका साधा हिशेब, ड्रायव्हर असून आपल्याही ध्यानात आला नाही, असं त्याला वाटलं असावं.

"पाकिटात कापलेले पैसे आहेत," ती म्हणाली. "मालक टेम्पोवर परत घेतो म्हणतात. भाऊजी, मी तुमचं वर्ष खाल्लं. माफ करा म्हणायलाही तोंड नाही मला."

त्यानं कागदाची घडी घातली. तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो रागावला नाही.

"वहिनी, एक विचारू? त्या चिठ्ठ्या तुमच्या हातात होत्या. संध्याकाळी मी समोर जेवायला बसायचो. ही चार-चार लिटरची चिठ्ठी कसली हो भाऊजी, एवढंच विचारायचं होतं. मी म्हटलं असतं, माझी नाही. तिथंच उलगडलं असतं सगळं. का नाही विचारलंत?"

तिच्याकडे उत्तर होतं. गेले तीन दिवस ती त्याच उत्तराशी झगडत होती, आणि ते सांगण्यापासून आता सुटका नव्हती.

"तुम्ही घरचे, म्हणून नाही विचारलं," ती म्हणाली. "घरच्याला सांभाळून घेतलं असं कुणी म्हणेल, याची भीती वाटली. परका ड्रायव्हर असता तर त्याला बोलावून चिठ्ठ्या समोर ठेवल्या असत्या. सगळ्यांना विचारते मी."

मोटारीचा मालक लांबून हात करून विचारत होता, किती वेळ आहे अजून. दिरानं झालंच अशी खूण केली आणि नळीचं तोंड हातात घेतलं.

"मग मी परका असतो तर बरं झालं असतं, वहिनी," तो म्हणाला, आणि नळ सोडून राहिलेलं चाक धुवायला खाली बसला.